हरेलीला यंत्र धुतलं, पण तेल बदललं का?



येत्या अमावस्येला आमच्या छत्तीसगडात हरेली आहे. नांगर, कुदळ, फावडं, विळा सगळं धुऊन अंगणात मांडायचं, गुळाच्या चील्याचा नैवेद्य दाखवायचा, दाराला कडुनिंबाची डहाळी खोचायची. पोरं गेडीवर चढून गल्लीभर फिरणार. गंमत म्हणजे त्याच दिवशी महाराष्ट्रात दीप अमावस्या असते. इकडचे महिने पौर्णिमेला संपतात, म्हणून इकडे ती श्रावणातली अमावस्या. मराठी पंचांगात महिना अमावस्येला संपतो, म्हणून तीच आषाढातली. दिवस एकच. तिकडे दिवे घासतात, इकडे अवजारं धुतात. खुर्सीपारच्या आमच्या घरात दोन्ही होतं. आजी समया घासायला बसते आणि बाबा टिकाव-फावडं नळाखाली धरतात.

पण यंदा मला तुमच्याशी तिसऱ्याच कामाबद्दल बोलायचं आहे. तुमच्या घरी, दुकानात किंवा शेतावर छोटं पेट्रोल इंजिन असेल, म्हणजे जनरेटर, पाण्याचा पंप, गवत कापायचं यंत्र, फवारणी पंप किंवा छोटा वीडर, तर त्या दिवशी त्याला फक्त धुऊ नका. त्याचं तेल बदला.

"हे आमच्या मासिकात कशाला?" असं वाटलं ना? मराठी घरांत शंभर वर्षांपूर्वी पोचलेलं एक मासिक 'किर्लोस्कर खबर' या नावाने १९२० साली निघालं, तेही किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचं पत्रक म्हणून. तेव्हा नांगर आणि यंत्रं हा घरातल्यांच्या वाचनाचा विषय होताच. आणि मी ज्या घटनेमुळे हे लिहायला बसले, ती घटना तर एका घराचीच आहे.

दादाचं यंत्र

आमच्या गल्लीत एक दादा राहतो. भिलाईच्या सेक्टरांमधल्या बंगल्यांचं आणि मैदानांचं गवत पावसाळ्यात कमरेएवढं वाढतं. ते कापायचं काम तो करतो. आधी दुसऱ्याचं यंत्र भाड्याने घ्यायचा. गेल्या पावसाळ्यात त्याने हप्त्यावर स्वतःचं घेतलं, खांद्यावर पट्ट्याने लटकवायचं, पेट्रोलवर चालणारं ग्रास कटर. रोज सहा तास, आठवड्याचे सहा दिवस काम. पहिला महिना झकास गेला. वहिनीने मुलीच्या शाळेची फीसुद्धा वेळेवर भरली.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी यंत्र चालता चालता एकदम थांबलं. दोरी ओढली तर दोरी हलेना. दादाला वाटलं पेट्रोल संपलं असेल. नव्हतं संपलं. इंजिन सीझ झालं होतं.

पॉवर हाऊसच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे यंत्र नेलं तेव्हा मीही सोबत होते. त्यांनी झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि दादाला दाखवलं. बोटाला डांबरासारखं काळं, घट्ट काहीतरी लागलं होतं, तेही जेमतेम.

"बेटा, तेल बदला कब था?"

दादा म्हणाला, "दुकानवाल्याने घालूनच दिलं होतं ना!"

मिस्त्री काही बोलले नाहीत. पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही गेले होते. दुरुस्तीचा आकडा ऐकून दादा तिथल्या स्टुलावर बसूनच राहिला. जिथून यंत्र घेतलं होतं तिथे गेलो, तर त्यांनी तेल बदलल्याची नोंद मागितली. ती नव्हतीच. हप्ता मात्र चालू होता.

संध्याकाळी दादा आमच्याकडे आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत तशीच बंद असलेली माहितीपुस्तिका. म्हणाला, "अगं, तू इंग्रजीत बीए केलंस ना? वाच बरं यात काय लिहिलंय."

मी वाचलं. तिसऱ्या-चौथ्या पानावरच तक्ता होता. तेल पहिल्यांदा १० तासांनी बदला. नंतर दर ५० तासांनी, किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. आणि रोज सुरू करण्याआधी तेलाची पातळी बघा.

मी मनात हिशोब केला. रोजचे ६ तास, ६ दिवस, ५ आठवडे म्हणजे १८० तास. १० तास तर दुसऱ्याच दिवशी झाले होते. १०, ६०, ११० आणि १६० अशा चार वेळी तेल बदलायला हवं होतं. त्या इंजिनात मावतं १०० मिलिलिटर, कटिंग चहाच्या ग्लासाएवढं. चार वेळचं मिळून ४०० मिलिलिटर. अर्धा लिटरही नाही, आणि तेवढ्यासाठी अख्खा मोसम गेला.

दादा आळशी नाही. तो यंत्र रोज पुसायचा, पातं धार लावून ठेवायचा. त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं, आणि लिहिलेलं होतं ते त्याला वाचता येणाऱ्या भाषेत नव्हतं. म्हणून आजचा लेख.

एवढ्याशा तेलाला एवढं महत्त्व का?

मोटारीत तीन-चार लिटर तेल असतं, ते गाळायला फिल्टर असतो आणि गडबड झाली तर समोर लाल दिवा लागतो. छोट्या इंजिनात यातलं बहुतेक काहीच नसतं. होंडाच्या जीएक्स २००सारख्या, पंपावर आणि छोट्या यंत्रांवर दिसणाऱ्या इंजिनात साधारण ०.६ लिटर तेल मावतं. ग्रास कटरमध्ये त्याहून कितीतरी कमी. फिल्टर बहुधा नसतोच. म्हणजे आत जो कचरा होतो, तो त्याच तेलात फिरत राहतो.

आणि काम किती? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यासाठी नेहमीचा छोटा पेट्रोल जनरेटर मिनिटाला ३,००० फेरे मारतो. तासाला १ लाख ८० हजार. १०० तासांत १ कोटी ८० लाख फेरे! दुचाकीशी तुलना करा. ताशी ४० किलोमीटरने १०० तास चालवली तर ४,००० किलोमीटर होतात. दुचाकीचं तेल आपण किलोमीटर बघून बदलतो. जनरेटर जागचा हलत नाही, म्हणून त्याचे किलोमीटर कुणी मोजत नाही, एवढंच.

अशा बऱ्याच इंजिनांत तेल वर चढवायला पंपही नसतो. आतला एक छोटा चमचा फिरता फिरता तळातलं तेल उडवतो आणि ते सगळीकडे शिंपडलं जातं. पातळी खाली गेली, किंवा यंत्र उतारावर ठेवलं, तर चमच्याला तेल लागत नाही आणि लोखंड लोखंडावर घासायला लागतं.

शिवाय ही इंजिनं हवेने थंड होतात. आमच्या भिलाईत मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. तशात लग्नाच्या मांडवामागे, भिंतीला चिकटवून ठेवलेला जनरेटर रात्रभर चालतो. त्या उष्णतेत तेल जळतं, पातळ होतं, त्यात काजळी आणि थोडं पेट्रोलही मिसळतं. काळं झालं म्हणजे लगेच वाईट झालं असं नाही. काजळी धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. पण ते धरून ठेवण्यालाही मर्यादा असते.

नव्या इंजिनाचं पहिलं तेल इतक्या लवकर का बदलायचं? नवे भाग एकमेकांवर घासून बसत असतात आणि धातूचा बारीक चुरा तेलात उतरतो. तो लवकर बाहेर काढायचा असतो.

आधी हे ओळखा: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

इथे चूक झाली तर पुढचं सगळं फुकट.

फोर-स्ट्रोक इंजिनाला तेलाचं वेगळं झाकण असतं. बहुतेक वेळा त्यालाच तेल मोजायची पट्टी असते. पेट्रोल वेगळं, तेल वेगळं. याचंच तेल बदलायचं.

टू-स्ट्रोकला फक्त पेट्रोलची टाकी असते. तेल पेट्रोलमध्येच ठरलेल्या प्रमाणात मिसळतात आणि ते जळून जातं. तिथे बदलायला काही नसतं, पण मिसळायला विसरलात तर इंजिन काही मिनिटांत सीझ होऊ शकतं.

काही थोडी यंत्रं फोर-स्ट्रोक असूनही त्यांना पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. म्हणून पुस्तिका बघाच. इंग्रजी येत नसेल तर मोबाइलने पानाचा फोटो काढून भाषांतर करून घ्या, किंवा घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला बसवा. त्याचाही अभ्यास होतो.

चला, तेल बदलू या

लागणारं सामान: योग्य पाना, नरसाळं, जुनं घमेलं किंवा कापलेला डबा, चिंध्या, हातमोजे आणि नवं तेल.

१. यंत्र मोकळ्या जागेत आणा आणि तीन-चार मिनिटं चालवा. कोमट तेल पातळ होतं आणि गाळासकट बाहेर येतं. बंद खोलीत किंवा शटर अर्धं ओढून इंजिन कधीच चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

२. इंजिन बंद करा. पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा. स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला ठेवा, म्हणजे चुकून इंजिन सुरू होणार नाही. सायलेन्सर तापलेला असतो, हात सांभाळा. मुलांना लांब ठेवा.

३. तेलाच्या झाकणाभोवतीची माती आधी चिंधीने पुसा. ही पायरी सगळे विसरतात. झाकण उघडताना तीच माती आत पडते.

४. जनरेटर आणि पंपाला खाली तेल काढायचा बोल्ट असतो. खाली घमेलं ठेवून तो सोडा. बोल्टमागचं वायसर हरवू नका. ग्रास कटरला बहुधा असा बोल्ट नसतो. पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना ते बघा आणि यंत्र तेलाच्या तोंडाच्या बाजूला कलतं करून तेल ओता. चाकांवरचं गवत कापायचं यंत्र कलतं करायचं असेल तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये जातं.

५. दहा मिनिटं तसंच निथळू द्या. तोवर निघालेल्या तेलाकडे नीट बघा. काळं असेल तर ठीक. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढली असेल तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल उतरतंय. चमकणारे धातूचे कण दिसले तर मिस्त्रींना दाखवा. आजारपणात डॉक्टर रक्त तपासतात ना, तसंच हे.

६. वायसर लावून बोल्ट बसवा. घट्ट करा, पण जोर काढू नका. इंजिनाचं अंग बहुधा ॲल्युमिनियमचं असतं आणि आटे लगेच जातात.

७. नवं तेल नरसाळ्याने थोडं थोडं घाला. कुठलं? पुस्तिकेत सांगितलेलं. बऱ्याच छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांना १०डब्ल्यू-३० चालतं. टू-स्ट्रोकचं तेल इथे चालणार नाही. एक लिटरचा डबा आणला तर १०० मिलिलिटरच्या ग्रास कटरला तो दहा वेळा पुरतो.

८. यंत्र सपाट जागी ठेवून पातळी बघा. पट्टी पुसा, बुडवा, परत काढा. अनेक इंजिनांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते, काहींत फिरवून. तुमच्या यंत्राचं काय ते एकदा बघून ठेवा. जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. जास्त झालं तर पांढरा धूर येतो आणि एअर फिल्टर तेलकट होतो.

९. झाकण लावा, प्लगची टोपी बसवा, एक मिनिट चालवा, बंद करा. कुठे गळतंय का बघा. थोड्या वेळाने पातळी पुन्हा बघा.

झालं. अर्ध्या तासाचं काम.

एक सूचना जनरेटरवाल्यांना. बऱ्याच जनरेटरमध्ये तेल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. कार्यक्रमात सारखा बंद पडतो म्हणून काही जण त्याची तारच काढून टाकतात. कृपा करून असं करू नका. तो तुमचा शत्रू नाही. आणि सेन्सर फक्त तेल किती आहे ते सांगतो, कसं आहे ते सांगत नाही. ते तुम्हालाच बघायचं आहे.

काळं तेल कुठे टाकायचं?

आता खरं सांगा, आजवर कुठे टाकलं? नालीत? कुंपणाच्या गवतावर? खाटेच्या पायांना वाळवी लागू नये म्हणून फासलं?

वापरलेलं इंजिन तेल हे २०१६ च्या घातक कचरा नियमांत घातक कचरा मानलं आहे. आपल्या वस्तीतल्या नालीत ओतलेलं तेल तिथेच संपत नाही. इकडचं पाणी कुठल्या ना कुठल्या नाल्याने शिवनाथेकडे जातं, आणि शिवनाथ पुढे महानदीला मिळते. वाटेत किती गावं ते पाणी वापरतात, विचार करा. तेलाचा पातळ तवंगसुद्धा पाण्यात हवा मिसळू देत नाही.

म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, वर मोठ्या अक्षरांत 'जळकं तेल' लिहा आणि जिथे गाड्यांचं जुनं तेल गोळा करतात अशा गॅरेजमध्ये द्या. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. लहान मुलं बाटली बघतात, आत काय आहे ते बघत नाहीत. जाळूही नका. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, कारण हे तेल कातडीला सतत लागणं चांगलं नाही.

तास कसे मोजायचे?

या यंत्रांना बहुधा तास दाखवणारा मीटर नसतो. मिस्त्रींनी सांगितलेली युक्ती सोपी आहे. टाकी भरून यंत्र एकदा घड्याळ लावून चालवा. एक टाकी किती तास चालते ते कळेल. मग फक्त टाक्या मोजा. यंत्र ठेवता त्या भिंतीवर खडूने रेघ मारा, दुधाचा हिशोब ठेवतात तशी. टाकी दोन तास चालत असेल तर पंचवीस रेघा म्हणजे ५० तास.

आणि ज्यांचं यंत्र फार चालत नाही, वीज गेली तरच जनरेटर काढतात, त्यांच्यासाठी तासांपेक्षा महिने महत्त्वाचे. तेल नुसतं पडूनही ओल धरतं आणि खराब होतं. सहा महिने लक्षात राहत नाहीत, पण सण राहतात. म्हणून दोन दिवस ठरवा: हरेली आणि मकर संक्रांत. मध्ये साधारण सहा महिने होतातच.

आमच्या भिलाईत १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा जोरात होते. कारखान्यापासून टपरीपर्यंत प्रत्येक यंत्राला हार पडतो, कुंकू लागतं, लाडू वाटले जातात. गेल्या वर्षी दादाच्या यंत्रालाही हार घातला होता. फक्त ते तेव्हा बंद होतं.

आता दादा कसा आहे?

दुरुस्तीला बारा दिवस गेले आणि पैसे उसने घ्यावे लागले. पण यंत्र सुरू झालं. आता त्याच्या दारामागच्या भिंतीवर रेघा आहेत. प्रत्येक पंचविसाव्या रेघेला आडवी काट मारलेली आहे आणि खाली तारीख. त्या तारखा वहिनी लिहिते. पुस्तिकेतला तक्ता मी मराठी आणि हिंदी दोन्हींत मोठ्या अक्षरांत लिहून दिला, तो तिथेच चिकटवलाय.

परवा तर वेगळंच झालं. टेंट हाऊसवाले काका दादाला विचारत होते, "अरे, माझा जनरेटर हल्ली धूर सोडतोय रे, काय करू?"

दादाने विचारलं, "काका, तेल बदललं कधी होतं?"

काका म्हणाले, "तेल आहे ना त्यात!"

दादा माझ्याकडे बघून हसला आणि पाना घेऊन त्यांच्याबरोबर गेला.

तेव्हा मंडळी, या अमावस्येला समया घासून झाल्या, अवजारं धुऊन झाली की कोपऱ्यातल्या त्या इंजिनाकडेही जा. झाकण उघडा, पट्टी पुसा, बुडवून बघा. आणि घरात कुणाला पुस्तिका वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून द्या. आपल्या शिक्षणाचा तेवढा उपयोग तर व्हायलाच हवा.

हरेलीच्या आणि दीप अमावस्येच्या शुभेच्छा! भेटू पुढच्या वेळी.